सुनीलच्या जागी उभा राहिलो तेव्हा

त्या वर्षांत मी प्रार्थनेला डोळे मिटले की मला प्रभू दिसायचा नाही, माझा मेहुणा दिसायचा. हातात माइक, मान किंचित डावीकडे कललेली आणि त्याच्यासमोर उठून उभी राहिलेली माणसं. मी प्रार्थना आजारी माणसांपासून सुरू करायचो, मग काम सुटलेल्यांसाठी, मग मुलीसाठी, आणि सुनीलचं नाव आलं की जीभ अडखळायची. ‘त्याला आशीर्वाद दे’ एवढंच म्हणायचं असे. तेही मी पोस्टातल्या माणसाने शिक्का मारावा तसं म्हणून पुढे जायचो. देवाला यातलं खोटं कळतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून हळूहळू मी घरी प्रार्थना करणंच टाळू लागलो. चर्चमध्ये मात्र पहिल्या रांगेत असायचो, कारण वाजवायला मीच बसायचो.

आम्ही मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले. माझे वडील गावोगावच्या चर्चच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन करायचे आणि मी लहानपणापासून त्यांच्यामागे धृपद धरायचो. पुढे मी विंडसरला, नदीपलीकडे डेट्रॉइट दिसतं त्या गावाला, आलो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. इथे आमची मोजकी मराठी ख्रिस्ती कुटुंबं होती. एका जुन्या कृष्णवर्णीय मंडळीने त्यांच्या चर्चचं बेसमेंट आम्हाला रविवारी दुपारी वापरायला दिलं होतं. सकाळी वर त्यांची उपासना, दुपारी खाली आमची. खालचं गायन माझ्याकडे होतं. पेटीवर मी बसणार, गीत मी निवडणार, सूर मी देणार आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. कारखान्यात मला नावाने ओळखणारे थोडेच होते, पण रविवारी दुपारी त्या बेसमेंटमध्ये मी कोणीतरी होतो. हे सुख किती मोठं असतं, ते परदेशात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सुनील हा रूथचा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दोन हजार तीनच्या सुमारास आला तो आमच्याच घरी, आमच्याच बेसमेंटमधल्या खोलीत. त्याला कारखान्यात चिकटवला तो मीच. त्याला गाणं मी शिकवलं असं तो सगळ्यांना सांगायचा आणि ते खरंही होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा तो शाळेत होता आणि मी त्यांच्या घरी गेलो की पेटी पुढे ओढून माझ्याजवळ बसायचा. पण तेव्हा त्याचा आवाज कोवळा होता. विंडसरला पहिल्या रविवारी तो आमच्या उपासनेत मोकळा होऊन गायला आणि पेटीवर माझा भाता क्षणभर थांबला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. जाड नव्हे, पातळ नव्हे; कोणीतरी आतली खोली उघडून दाखवावी तसा. माझ्या मनात आलेला पहिला विचार ‘देवा, केवढी देणगी’ असा नव्हता. ‘आता माझं काय’ असा होता.

पुढचं सगळं वरच्या मजल्यामुळे झालं. सकाळची उपासना लांबली की आम्ही जिन्यात थांबायचो. सुनील थांबायचा नाही, दार लोटून आत जाऊन उभा राहायचा आणि त्यांच्या गायनाला खालच्या आवाजात साथ द्यायचा. त्यांच्या क्वायरची, म्हणजे गायकवृंदाची, प्रमुख मिस लोरेटा म्हणून एक वयस्क बाई होती. उंच, रुंद, डोक्यावर नेहमी मोठी टोपी. तिने एकदा मागे वळून न बघताच त्याला हाताने पुढे बोलावलं. वर्षभरात तो त्यांचा मुख्य गायक झाला. त्यांची गॉस्पेल गीतं तो त्यांच्यासारखीच म्हणायचा, पण मध्येच आपल्या पद्धतीची गळ्याची एखादी हरकत घ्यायचा, आणि ती घेतली की आयाबाया हात वर करून उठायच्या. मग नदीपलीकडून डेट्रॉइटच्या चर्चेसची बोलावणी आली. मग टोरोंटोची. ओटावाला एका मोठ्या मेळाव्यात त्याने स्वतः बांधलेलं, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असं गीत म्हटलं, आणि मराठीचा एक शब्द न कळणारे लोक रडले. त्याची सीडी निघाली. तिचे खोके आमच्या बेसमेंटमध्ये, तांदळाच्या पोत्याशेजारी, असत. मी तांदूळ काढायला गेलो की त्याचा फोटो माझ्याकडे बघून हसायचा.

शनिवार-रविवार त्याला घेऊन जायचो मीच, कारण त्याला बर्फात गाडी चालवायची भीती वाटायची. व्हॅनला विंटर टायर लावायचे, मागे कीबोर्ड आणि सीडींचे खोके टाकायचे आणि ४०१ हायवेने निघायचं. तो शेजारी बसून आवाज जपायला मफलर गुंडाळून गप्प असायचा. चर्चमध्ये पोचलो की लोक त्याच्याकडे धावायचे आणि माझ्या हातात वायरी यायच्या; मग त्याच्या मागे कीबोर्डवर साथीला बसायचो तोही मीच. आणि सर्वांत असह्य गोष्ट ही की तो प्रत्येक ठिकाणी, पहिल्या गीताच्या आधी, माझ्याकडे हात करून सांगायचा की हे माझे दाजी, मला गाणं यांनी शिकवलं. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवायचे. त्या सभ्य, थोड्याशा टाळ्या. त्याने माझा उल्लेखच केला नसता तर मला त्याच्यावर रागवायला तरी जागा मिळाली असती.

घरच्यांना सगळं दिसत होतं. मुलगी कॉलेजात जायला लागली होती, ती म्हणायची, “पापा, यू प्ले सो नाइस, जस्ट एन्जॉय इट ना.” रूथ इतकी सौम्य नव्हती. एकदा डेट्रॉइटहून परतताना, सीमेच्या पुलावर कस्टमच्या रांगेत, सुनील मागे झोपला होता तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “अहो, तो गात असताना तुमचं तोंड कारलं चावल्यासारखं का होतं? माणसं फोटो काढतात. सगळ्या फोटोंत माझा भाऊ आणि मागे कारलं.” मी म्हणालो, वाजवताना लक्ष द्यावं लागतं. ती म्हणाली, “लक्ष दिल्याचा चेहरा मला ठाऊक आहे. माझ्या स्वयंपाकाकडे तो कधी दिसला नाही ते सोडा.” आणि खिडकीबाहेर बघत बसली.

गाडीधंद्याला उतरती कळा लागली त्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यात कामाचे दिवस कमी झाले. मी घरी बसू लागलो आणि सुनीलची बोलावणी मात्र वाढत होती. त्याच सुमाराला त्याचा आवाज फाटू लागला. आधी वाटलं सर्दी. मग बोलतानाही घोगरा येऊ लागला. तज्ज्ञ डॉक्टरांकडे मीच नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आहेत, काही महिने अजिबात बोलायचं नाही, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर गाता येईल की नाही हे आत्ता सांगता येणार नाही. बाहेर पार्किंगमध्ये आलो. सुनील गाडीला टेकून उभा राहिला, चेहरा पांढराफटक. मी खिशात किल्ली शोधत होतो आणि माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं. कोणीतरी जड पोतं उतरवून घ्यावं तसं. मला ओळखायला क्षण लागला. तो आनंद होता.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते सांगता येत नाही. आम्ही ख्रिस्ती, दृष्ट वगैरे मानत नाही. पण माझी आई पाळकसाहेबांना न सांगता आमच्यावरून मीठ-मिरच्या उतरून टाकायची, आणि ते कुठेतरी माझ्यात मुरलेलं होतं. मला वाटू लागलं की हे माझ्यामुळे झालं. इतकी वर्षं मी त्याच्या मागे बसून त्याच्या गळ्याकडे ज्या नजरेने पाहत होतो, ती नजर त्याला लागली. देवापाशी जाऊन क्षमा मागावी म्हटलं, तर मनात पुन्हा तोच हलका आनंद डोकावून जायचा, आणि ज्या गोष्टीचा अजून आनंद होतो तिची क्षमा कशी मागणार? सुनील घरात पाय न वाजवता फिरायचा. काही हवं असलं की ग्रोसरीच्या जाहिरातींच्या कागदांवर लिहून दाखवायचा. चहा, ताई. आवाज कमी करा. त्याचं ते गप्प राहणं मला त्याच्या गाण्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

वसंतात वरच्या मंडळीचा वर्धापनदिन होता. त्यांचे पूर्वज गुलामगिरीतून सुटून नदी ओलांडून या काठावर आले आणि त्यांनी ते चर्च बांधलं, म्हणून त्या रविवारला त्यांच्याकडे फार मान. डेट्रॉइट-टोरोंटोहूनही मंडळ्या येतात. सुनीलने आपलं ते अर्धं मराठी गीत म्हणायचं, असं आधीच ठरलेलं होतं. मिस लोरेटा त्याला भेटायला घरी आली, त्याचा हात हातात घेऊन बसली आणि म्हणाली की दुसरं कोणीतरी काहीतरी म्हणेल, तू काळजी करू नकोस. सुनीलने जवळचा कागद ओढला, लिहिलं आणि तिला न दाखवता मला दाखवला: ‘दाजी, तुम्ही म्हणा.’

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो, तेही फार हळू.

सराव मी व्हॅनमध्ये केला, कारखान्याच्या पार्किंगमध्ये, काचा बंद करून. सुनील ते गीत पेटीच्या काळी दोन पट्टीत म्हणायचा. माझा गळा पन्नाशीला टेकलेला; सरळ सांगायचं तर काळी एकच्या वर मी सुखाने जात नव्हतो. पण मी पांढरी चार धरली. त्याच्यापेक्षाही वर. लोकांनी ऐकल्यावर मनात तुलना करायची तर नीट करावी, असा माझा हिशेब. तालमीत मिस लोरेटाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, सकाळच्या वेळी हे फार उंच आहे, राजा. मी तिला सांगितलं की आमच्याकडे गाणाऱ्याने एकदा सूर घेतला की तो सोडायचा नसतो. मधेच खाली उतरणं म्हणजे नाक कापून घेणं. त्यांचे ऑर्गन वाजवणारे ब्रदर वेंडेल हे ऐकून नुसते हसले. मी त्यांनाही पट्टी दाखवून बजावलं, हीच, याच्याइतकीच. ते म्हणाले, “तू सुरू कर, मी तुला शोधीन.” मला ते बेजबाबदार वाटलं. आमच्यात आधी सूर देतात, मग गायक गातो. यांच्यात गायक कुठूनही सुरू करतो आणि वाजवणारा त्याच्यामागून जाऊन त्याला गाठतो. मी मनात म्हटलं, शिस्त नाही.

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बायकांच्या टोप्या, लहान मुलांचे कडक इस्त्रीचे शर्ट, मागे उभे राहिलेले लोक. पहिल्या बाकावर रूथ, मुलगी आणि त्यांच्यामध्ये मफलर गुंडाळलेला सुनील. माझं नाव पुकारलं गेलं. मी कोणाकडे हात केला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. पांढरी चारचा सूर मागून घेतला आणि सुरू केलं. धृपद बरं गेलं. लोकांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा म्हणताना मी सुनीलकडे पाहिलं, त्याचं तोंड कसं होतंय ते बघायला. तो डोळे मिटून बसला होता. मग अंतरा आला. अंतऱ्याची दुसरी ओळ वर जाते. तिथेच सुनील ती हरकत घ्यायचा. मी तीच घ्यायला गेलो आणि गळ्यातून आवाज आला नाही. आधी किरकिर आली, मग नुसती हवा. मी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवा.

आमच्याकडे अशा वेळी लोक खाली बघतात. कोणी खोकतं, कोणी गीताचं पुस्तक चाळतं, वाजवणारा घाईने एक तुकडा वाजवून झाकपाक करतो. मी त्याचीच वाट बघत होतो. ऑर्गन थांबला. एवढ्या माणसांत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत मला लख्ख कळलं की हे दृश्य मला ओळखीचं आहे. मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. प्रत्येक चर्चमध्ये, सुनीलच्या मागे बसून, मनात मी नेमकं हेच घडवत आलो होतो: तो वर जातोय, त्याचा आवाज फाटतोय, लोक बघतायत. देवाने माझी प्रार्थना ऐकली होती. फक्त त्या जागी माणूस बदलला होता.

तेवढ्यात मधल्या कुठल्यातरी बाकावरून एक म्हातारी बाई बोलली. ती कोण होती मला अजून ठाऊक नाही. टोरोंटोकडच्या लोकांबरोबर आलेली असावी, नंतर तिला शोधलं तर भेटली नाही. ती मोठ्याने नाही, घरात बोलावं तसं म्हणाली, “टेक युअर टाइम, बेबी.” सावकाश घे, बाळा. मला वाटलं थट्टा करतेय. मग दुसऱ्या बाजूने एक पुरुष म्हणाला, “इट्स ऑलराइट.” मग तिसरं कोणी, मग बरेच जण. काही माणसं उठून उभी राहिली. सुनीलच्या उत्तम हरकतीला जशी उभी राहायची, तशीच. नंतर मिस लोरेटाने सांगितलं की त्यांच्याकडे हे नेहमीचंच. गाणाऱ्याचा आवाज तुटला की मंडळीने त्याला धरायचं. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मी पडलो आणि कोणी खाली बघत नाही.

मग माझ्यातून जे निघालं त्याला गाणं म्हणवत नाही. ते बोलणं आणि रडणं यांच्या मधलं काहीतरी होतं, फार खालचं, कुठल्याच पट्टीत नसलेलं. मी पांढरी चार सोडली होती, काळी दोन सोडली होती, मला मी कुठे आहे तेही कळत नव्हतं. तीच अंतऱ्याची ओळ मी पुटपुटत होतो आणि माझ्या मागून ऑर्गनचा एक स्वर आला. हळू. जुळला नाही. थांबला. दुसरा आला, थोडा खाली. मग आणखी खाली. ब्रदर वेंडेल अंधारात हात पुढे करून चालणाऱ्या माणसासारखे मला शोधत होते. आणि मग तो स्वर माझ्या पायाखाली येऊन थांबला. अगदी माझ्याच पायाखाली. जिथे मी पडलो होतो तिथे. मी ओळ पुन्हा म्हटली आणि या वेळी ती उभी राहिली. मिस लोरेटाने हात उचलला, क्वायर मागून आली.

हे सगळं सुरू असताना सुनील उठून पुढे आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याने तोंड उघडलं नाही, त्याला मनाई होती. फक्त हात माझ्या पाठीवर ठेवला आणि तालावर बोटं हलकी वाजवत राहिला. गीत पुन्हा त्या वरच्या ओळीकडे निघालं तेव्हा माझ्या मनात आलं, इथे याचा आवाज हवा होता. हा विचार आला आणि मी दचकलो, कारण तो खरा होता. त्यात काहीच मिसळलेलं नव्हतं. देवा, याचा आवाज याला परत दे, असं मी गाता गाता म्हणालो. त्या वर्षांतली माझी ती पहिली प्रार्थना, जिच्यासाठी मला जीभ ढकलावी लागली नाही.

परतताना रूथ आणि मुलगी दुसऱ्या गाडीने गेल्या. व्हॅनमध्ये आम्ही दोघंच होतो. चर्चच्या पार्किंगमधून बाहेर पडण्याआधीच मी गाडी थांबवली आणि त्याला सांगितलं. डॉक्टरकडून बाहेर आलो तेव्हा मला आनंद झाला होता, सुनील. तुझा गळा गेला याचा. मला वाटलं होतं, तो खिडकीबाहेर बघेल. त्याने मफलर सोडला आणि तो घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात बोलला, “मला ठाऊक आहे, दाजी. तुमचा चेहरा दिसला होता मला.”

“मग मला का म्हणायला लावलंस?”

“तुम्हाला म्हणायचं होतं. किती वर्षांपासून म्हणायचं होतं.” तो थांबला, घसा धरला. “पण पांढरी चार, दाजी? गळा धड होता तेव्हा मीसुद्धा कधी काळी दोन ओलांडली नाही.”

मी हसायला लागलो आणि मग थांबता येईना. त्याने बोलू नये म्हणून मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

शस्त्रक्रिया झाली. आवाज परत आला, पण तो नाही. हा खालचा आहे, लहान आहे, मधेच घासतो. ओटावासारखी बोलावणी आता येत नाहीत आणि सीडीचे उरलेले खोके त्याने स्वतःच कोणाकोणाला वाटून टाकले. मी काही चमत्कार झाला म्हणणार नाही. आणि माझ्यातला हेवाही एका दिवसात निघून गेला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. अजूनही कोणी त्याला मिठी मारली की आत काहीतरी चावतं. फरक एवढाच की मी आता ते देवापासून लपवत नाही. जसा आहे तसाच, जिथे पडलो तिथूनच सुरू करतो. देवाने मला उचलून वर न्यावं असा माझा हट्ट होता. तो मात्र खाली येऊन मला शोधत होता, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली. त्या अनोळखी म्हातारीसाठी आणि ब्रदर वेंडेलसाठी मी रोज आभार मानतो, आणि सुनीलचं नाव आता मी सगळ्यांत आधी घेतो.

शस्त्रक्रियेनंतर तो पहिल्यांदा गायला तो चर्चच्या बेसमेंटमध्येच, दुपारच्या उपासनेत. मी पेटीवर बसलो होतो. सवयीने हात सूर द्यायला गेला, पण मी तो मागे घेतला. सुनीलने माझ्याकडे पाहिलं; कोणता सूर, दाजी, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली. तू सुरू कर. तो घाबरला होता, मफलर हातात पिळत होता. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला. मी भाता हळूच भरला, बोटं पट्ट्यांच्या वर धरली आणि तो कुठे उतरतो याची वाट पाहत थांबलो.